शिवकन्येनं सुपात मांडलेले दाणे

शिवकन्येचं लिहून घे म्हणून तुला चार दिस झाले सांगतेय, आन तुझं डोकं मोबाईलमधून निघंना. आता बस. मी बोलते तसंच लिही. शाळेतल्यावानी सुधरत बसू नको, न्हाई तर ते माझं ऱ्हाणार न्हाई.

शिवकन्या म्हंजी आपल्या राधाकिशनची बायको. राधाकिशन तुझ्या आज्याच्या चुलत भावाचा लेक, म्हणून ती मला आत्याबाई म्हणायची. माहेर तिचं धर्मापुरीचं, परळीकडलं. बाप शाळेत शिपाई. शाळेला काम्पुटर आलं तव्हा धूळ बसू नये म्हणून त्याला कापडाचं पांघरूण शिवलं ते हिच्या आईनं, आन रोज ते काढायचं-घालायचं काम बापाचं. बापासंग जाऊन जाऊन ही पोरगी त्या मशीनपुढं बसायला शिकली. मग तीन वर्सं यष्टीनं अंबाजोगाईला गेली आन बी.सी.ए. का काय ते झाली. एवढं शिकून आली कुठं, तर आपल्या वाडीत. वडवणीवरून दोन टायमाला जीप, तीबी भरली तर निघणार.

स्वयंपाकाचं मातर विचारू नको. भाकर तिची कधी गोल झाली न्हाई. आपली केशरबाई एकदा म्हणली, "शिवकन्ये, ही भाकर हाय का जिल्ह्याचा नकाशा?" तर ही चुलीपुढूनच म्हणती, "जिल्हाच समजा की. वडवणीकडून खायला सुरू करा, बीडला पोचंपर्यंत पोट भरतंय." अशी व्हती. हसायची लई. आता हसत न्हाई असं न्हाई, पण ते तसलं हसणं न्हाई.

आपल्या दूध सोसायटीला काम्पुटर आलं, चालवणारं कुणी नव्हतं. चेअरमन माणिकराव सोता दारी आला आन राधाकिशनला म्हणला, "सूनबाईला घरात कावून कोंडलंय? सोसायटीत बसू द्या." आमाला लई भूषण वाटलं. सकाळी बायका दुधाच्या कासांड्या घेऊन रांगेत उभ्या ऱ्हायच्या आन ही आत मशीनवर टकाटका नावं मारायची. मी सोसायटीची सभासद हाय, तुला मालूम हाय ना? शेअर माझ्या नावाचा. जनावरं सगळी तुझ्या बापाच्या, कचरूच्या नावावर, पण सभासद मी. ही गोष्ट ध्यानात ठेव, पुढं लागंल.

आता भिवराबाईचं सांगते. ती बौद्धवाड्यातली. नवरा पुण्याकडं कामाला गेला तो तिकडचाच झाला. लेकरू न्हाई. एक गाय तेवढी, चंद्री नावाची, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. त्या गाईवर ती जगायची. गावात तिला सगळे भिवरे म्हणायचे. मीबी भिवरेच म्हणायचे. आता सांगताना बाई लावतेय, ते आता.

सोसायटी निघाली तव्हाचा सेक्रेटरी सरळ माणूस व्हता, मरून गेला बिचारा. त्यानं बुकात सगळ्यांना सारखं लिवलं. बाप्याला राव, बाईला बाई. भिवराबाई शेअर घ्यायला गेली तव्हा मी तिथंच व्हते. त्यानं नाव विचारलं. ही म्हणली, "भिवरा." त्यानं लिवलं आन मोठ्यानं वाचलं, "भिवराबाई." ही दचकून म्हणली, "सायेब, बाई कशाला?" तो म्हणला, "सभासद हायस ना आता? मग लागतं." ती बुकावर वाकली आन म्हणली, "परत एकदा वाचा की." त्यानं परत वाचलं. पुढं कुणी कागद घेऊन आलं की ती पैले विचारायची, सोसायटीतल्यावानी लिवलंय ना?

मग एकोणीसचा दुष्काळ आला. तू लहान व्हतीस, तुला टँकरची रांगच तेवढी ध्यानात असंल. तळ्याच्या बुडाला भेगा पडल्या, इतक्या मोठ्या की त्यात पाय जायचा. कडबा कुठंच न्हाई. तव्हा सरकारनं चारा छावणी दिली आन ती चालवायला घेतली आपल्या सोसायटीनं. गावाच्या वरच्या अंगाला गायरानात हिरव्या जाळीचे मांडव घातले. जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले मारले, त्याच्यावर नंबर. जनावरं तिथंच ऱ्हायची आन त्यांच्यासंग माणसंबी. भिवराबाईनं बिऱ्हाडच तिकडं नेलं. एक पातेलं, एक वाकळ आन गाय. चंद्रीला सातवा महिना व्हता. भिवराबाई म्हणायची, "ही इली की दोन जीव व्हतील माझ्या घरात. माझा धरून तीन."

पंधरा दिस झाले आसतील आन वरून हुकूम आला. छावणीत जनावर कुणाचं हाय ते दोन कागदांवर जुळलं पायजे, एक सोसायटीचं बुक आन दुसरी आधारची यादी. जुळंना त्याचं जनावर बाहेर. माणिकराव शिवकन्येला म्हणला, "सूनबाई, दोन्ही याद्या मशीनमधी हायत. जुळवून द्या संध्याकाळपर्यंत."

घोळ कुठं व्हता, तर सोसायटीच्या बुकात सगळ्यांना बाई आन राव लावलेलं. आधारवाल्यानं कॅम्प घेतला तव्हा जे सांगितलं ते लिवलं. इथं केशरबाई, तिथं नुसतं केशर. मशीनला काय कळतंय ही तीच हाय म्हणून? तव्हा शिवकन्येनं मशीनला हुकूम लिहून दिला की बुकातल्या नावाच्या शेवटाचं बाई काढ, राव काढ, आन उरंल ते आधारच्या नावाशी ताडून बघ. शानपणाचंच काम केलं तिनं. शेकडो नावं हातानं ताडायची तर आठ दिस गेले आसते.

संध्याकाळी रामकिसननं, म्हंजी आताच्या सेक्रेटरीनं, भोंग्यावर एकेचाळीस नावं वाचली. ज्यांची नावं घेतली त्यांनी उजाडायच्या आत जनावरं काढायची. तुळजाबाई गेली. चतुराबाई गेली. सारजाबाई तर माणिकरावाच्या शेजारची, तीबी गेली. भिवराबाई रामकिसनच्या टेबलापाशी गेली आन म्हणली, "माझं चुकून वाचलं का? भिवराबाई. बुकात हाय."

रामकिसन म्हणला, "मशीन न्हाई म्हणतंय."

"मशीनला कुणी सांगितलं न्हाई म्हणायला?"

"भिवरे, मला तकरार सांगू नको. रांग वाढतीय मागं."

तेवढ्यात शहादेव आला, माणिकरावाचा मेव्हणा. त्याचंबी नाव वाचलेलं. लांबूनच वरडत आला, "रामकिसन, बे, मी काय मेलो का? माझ्या आठ म्हशी कुठं बांधू, तुझ्या वसरीत?" रामकिसन हसला. खिशातला पेन काढला आन यादीत खाली हातानं शहादेव लिवलं. झालं. मशीनबी न्हाई आन आधारबी न्हाई. केशवरावाचं नाव गेलतं, तेबी तसंच पेनानं लिवलं. असे सहा बाप्ये त्याच टेबलावर, त्याच पेनानं आत आले. भिवराबाई बाजूला उभी राहून बघत व्हती. ती म्हणली, "तोच पेन माझ्यासाटी चालंल की." रामकिसननं पेनाला टोपण घातलं.

दुसऱ्या दिशी सकाळी मी वट्ट्यावर सूप घेऊन बसलेते. सरकारी वाटपाचं धान्य आलतं, ज्वारीत तूर, हरभरा, शेंगदाणा सगळं सांडून एक झालतं. ते मी निवडत व्हते. शिवकन्या आली ती पळतच, हातात यादी, पायात चप्पल न्हाई.

"आत्याबाई, चूक माझी हाय."

"कसली चूक गं?"

"तुमाला अक्षर येत न्हाई, तर कसं सांगू," म्हणली आन तिची नजर सुपावर पडली. तिथंच मांडी घालून बसली. निवडलेले दाणे घेतले आन ओळीनं मांडायला लागली. "हे बघा. मशीनमधी नाव असं एकेक दाण्याचं आसतंय. ही भिवराबाई." चार दाणे ज्वारीचे मांडले. त्याला लागून एक तुरीचा. मग पुढं हरभरा, तूर, शेंगदाणा. "हे शेवटचे तीन म्हंजी बाई, ब, काना आन ई. हरभरा, तूर, शेंगदाणा. आता मी तुमाला म्हणलं शेवटाचं बाई काढा, तर तुमी काय कराल?"

मी शेवटचे तीन दाणे उचलले. मागं चार ज्वारीचे आन एक तुरीचा ऱ्हायला.

"बरोबर. ती झाली भिवरा. पण मी ज्या शब्दात हुकूम दिला त्याचा अर्थ मशीनच्या बोलीत निराळा हाय. त्याला वाटलं हरभरा, तूर, शेंगदाणा ह्या तीन जातीचा दाणा शेवटाला दिसंल तवर उचलत जा, दुसऱ्या जातीचा आला की थांब." आन तिनं उचलून दावलं. शेंगदाणा गेला. तूर गेली. हरभरा गेला. आन पुढं परत तूरच आली, तीबी गेली. मग ज्वारी आली तव्हा हात थांबला.

मी म्हणले, "आगं, पण ही तूर तर भिवरेची सोताची व्हती."

"तेच तर. तिची सोताची व्हती. आता ही उरलेली चार ज्वारी आधारमधल्या भिवराशी कशी जुळंल? केशरबाईचं बघा, तिच्या नावाला शेवटी ज्वारीच हाय, हात आपोआप थांबला. ती आत. विमलबाई आत. ज्यांच्या नावाच्या शेवटाला तूर, त्या सगळ्या बाहेर. तुळजा, चतुरा, सारजा, भिवरा. बाप्यात शहादेव मागनं सभासद झाला, त्याला तर राव नव्हताच, तरी राव मधला व म्हणून त्याच्या सोताच्या नावाचं टोक खाल्लं."

"आन मुक्ता?" मी विचारलं.

ती माझ्याकडं बघून म्हणली, "तुमचंबी तुटलंय आत्याबाई. पण तुमची जनावरं कचरूभावजींच्या नावावर. त्यांचं नाव साबूत हाय."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, खोटं कशाला बोलू.

"आता नीट होईल का?" मी म्हणले.

"झालंय. चहा उकळायला लागतो तेवढा टाइम लागला न्हाई. आता मशीन आधी बघतंय, शेवटाला खरंच हरभरा, तूर, शेंगदाणा ह्याच ओळीनं हाय का. आसंल तर मोजून तीन काढतंय, न्हाई तर हातच लावत न्हाई. पस्तीस बाया परत आत येत्यात." आन हसली, ते भाकरीवालं हसणं. नवी यादी छापून घेऊन ती तशीच माणिकरावाकडं गेली.

ती तासाभरानं परत आली ती यादी तशीच हातात घेऊन. काय झालतं, तर एकेचाळीस नावं वाचली त्याच संध्याकाळी माणिकरावाच्या बहिणीच्या गावावरून दोन टेम्पो भरून जनावरं आलती. छावणीत किती जनावरं घ्यायची तो आकडा ठरलेला. बायांच्या जागा भरून झालत्या. शिवकन्येनं मांडवात जाऊन बघितलं. चंद्रीच्या दावणीला काळी म्हैस व्हती, आन वहीत त्या म्हशीपुढं चंद्रीच्याच बिल्ल्याचा नंबर. माणिकराव हिला म्हणला व्हता, "सूनबाई, तुमची यादी सायबाकडं पोचली. आता तिला हात लावायचा न्हाई. मशीननं केलंय, कुणी माणसानं न्हाई केलं. कुणाच्या मनात खोट ऱ्हात न्हाई."

शिवकन्या मला म्हणली, "आत्याबाई, परवा सोसायटीची सभा हाय. यादी कायम करायचा ठराव हाय. मी नोकर, मला सभेत काही मांडता येत न्हाई. पण एक सभासद सूचक झाला आन दुसऱ्या सभासदानं अनुमोदन दिलं की ठराव बुकात लिवावाच लागतो. बुकात आला की तहशीलच्या सायबाला वाचावा लागतो. त्यानं टेम्पोतल्या जनावरांचे बिल्ले मोजले की खलास. भिवराबाई सूचक व्हायला तयार हाय."

मी म्हणले, "मी हाय की अनुमोदनाला."

असं मी म्हणलेते. माझ्या तोंडानं. लिही ते.

सभेच्या आदल्या दिशी दुपारी माणिकराव आपल्या वट्ट्यावर आला. पाणी प्याला. तुझ्या बापाला म्हणला, "कचरू, तुझी ती कालवड बाहेर हाय म्हणं? आण की आत. कागदाचं मी बघतो." मग माझ्याकडं वळला. "वैनी, उद्या ऊन लई आसंल. सभेला आला न्हाईत तरी चालंल. आलात तर सावलीत बसा." बाकी एक शब्द न्हाई. तो गेल्यावर कचरू म्हणला, "आई, उद्या गप ऱ्हा." कालवडीला बिल्ला मिळाला नव्हता म्हणून ती घरीच व्हती, चार दिसांपासून उभी राहीना झालती, तिच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. तुझा बाप तिला त्याच दुपारी आत घेऊन गेला.

सभा छावणीतल्याच मांडवात झाली. एकेचाळीसमधल्या बऱ्याच बाया जनावरं घेऊन पावण्या-रावळ्याच्या गावी निघून गेल्या व्हत्या, सारजाबाईनं तर दोन्ही शेळ्या आन गाय वडवणीच्या बाजारात येईल त्याला देऊन टाकली व्हती. भिवराबाई तेवढी मागं बसलेली. चंद्री बाहेर, कुंपणाच्या तारंपलीकडं, बाभळीला बांधलेली. आत चारा टाकला की ती मान वर करायची. सगळ्यांना दिसत व्हतं.

रामकिसननं ठराव वाचला. भिवराबाई उठली. "मला मांडायचंय. यादी चुकलीय. नवी करा."

माणिकराव शांतपणे म्हणला, "चुकलीय कशी ते सांग भिवरे."

तिनं शिवकन्येकडं बघितलं. शिवकन्या माझंच सूप घेऊन आलती. ती पुढं आली आन खाली बसून दाणे मांडायला लागली. माणिकरावानं तिचं पुरं व्हऊ दिलं न्हाई. म्हणला, "सूनबाई, सभा हाय का डाळ निवडायची हाय?" मांडव हसला. शहादेव म्हणला, "मशीनला तूर-हरभरा कळतो व्हय? मग बांधा की त्यालाबी दावणीला." आनखी हसले. एक दाणा सुपाच्या बाहेर पडला, तो तिनं उचलून जागेवर ठेवला आन बोलत ऱ्हायली. सगळं सांगितलं, मला सांगितलं तसं. मग नवी यादी पुढं धरली.

"म्हंजी चूक कुणाची?" माणिकराव.

"हुकूम लिवताना माझी झाली. पण ती मी दुसऱ्याच दिशी नीट केलीय. ही यादी बरोबर हाय."

"रामकिसन, लिहा. मशीनवालीनं चूक कबूल केली." त्यानं नवी यादी घेतली, चार घड्या घातल्या आन पाण्याच्या तांब्याखाली ठेवली. "आता भिवरेचं म्हणणं. सूचक ती. अनुमोदक कोण? आन ऐका, ज्याचं घर यादीत न्हाई त्याचं अनुमोदन चालणार न्हाई. तसा नियम हाय."

असला नियम कुठंच न्हाई, ते मला शिवकन्येनं मागनं सांगितलं. तव्हा मला वाटलं आसंल. मी सभासद, आन माझं घर यादीत. त्या सुपातलं सगळं जिला कळलं व्हतं अशी मांडवात मी एकली.

शिवकन्या माझ्याकडं बघत व्हती. "आत्याबाई," म्हणली, "तुमाला तर समजलं ना?"

मला मांडवाच्या कडंला आमची कालवड दिसत व्हती. खात व्हती. तुझा बाप तिच्या पाठीवर हात ठेवून उभा, आन नजर माझ्यावर.

मी पदर तोंडापाशी धरला आन बसून ऱ्हायले.

"अनुमोदक न्हाई," माणिकराव म्हणला. "पुढं चला." भिवराबाई अजून उभीच व्हती. तिला कुणी बस म्हणलं न्हाई. सोताच बसली. निघताना रामकिसननं रजिस्टर पुढं केलं, "हजेरीचा अंगठा, मुक्ताबाई." मी दिला. शाई तिथंच मांडवाच्या खांबाला पुसली.

पुढचं लवकर सांगते, मला बोलवत न्हाई. भिवराबाई बाभळीच्या शेंगा झोडून झोडून गाईला घालायची, उंबराचा पाला कुठून कुठून आणायची. टँकरमधलं सोताच्या वाट्याचं पाणी तिला पाजायची. शिवकन्येनं सोताच्या बैलांच्या वाट्यातली एक पेंढी पदराखाली धरून बाहेर नेली. गेटवरच्या माणसानं अडवली. छावणीचा चारा बाहेर न्यायला मनाई हाय म्हणला, आन लोकांपुढं तिच्या पदराखालून पेंढी वडून काढली. राधाकिशननं ते ऐकलं आन दोन दिस तिच्याशी बोलला न्हाई. तिची चूक म्हणून न्हाई, सोताला काही करता आलं न्हाई म्हणून.

आठव्या दिशी चंद्री बसली. बांबू घालून चार माणसांनी उचलली, परत बसली. अकराव्या दिशी गेली, पोटातल्यासकट. भिवराबाई रडली न्हाई. कातड्यासाटी गाडी आली तव्हा तिनं कानातला बिल्ला तेवढा कापून घेतला.

चार दिसानं रामकिसन बौद्धवाड्यात तिच्या दारी गेला. तहशीलचे सायेब बिल्ले मोजायला येणार व्हते, आन त्या काळ्या म्हशीचा कान मोकळा. मी तिथं नव्हते, शिवकन्या व्हती, तिनं सांगितलं.

"भिवराबाई," तो म्हणला. बाई लावून बरं का. "तो बिल्ला द्या. सोसायटीचा हाय."

भिवराबाई म्हणली, "देते की. ज्या कागदावर देशील त्याच्यावर माझं पुरं नाव लिव. आन त्याखाली लिव की गाय आत व्हती, तुमी बाहेर काढली. तुझं दस्तखत कर. मग ने."

रामकिसन म्हणला, "असं कसं लिवता येईल?"

"मग पेनाला टोपण घाल आन जा."

तो गेला. सायेब आले, मांडवाच्या तोंडालाच चहा प्याले आन गेले. बिल्ला अजून तिच्या घरात खुंटीला हाय.

शिवकन्येला काढून टाकलं. किल्ल्या द्यायला गेली तव्हा सभेचं बुक टेबलावर उघडं व्हतं, ते तिनं वाचलं. तिथून ती सरळ माझ्याकडं आली. आत आली न्हाई, उंबऱ्यावरच उभी.

"आत्याबाई, यादी कायम करायच्या ठरावाला आन मागनं घुसवलेल्या, मला काढायच्या ठरावाला, दोन्हीला अनुमोदक हाय."

"कोण गं?"

"मुक्ताबाई. नाव पुरं लिवलंय, एक अक्षर तुटलं न्हाई. खाली अंगठा हाय."

मी म्हणले, "आगं तो हजेरीचा म्हणून दिला मी, तुझ्या गळ्याची आण."

"मला मालूम हाय," ती म्हणली. "पण तुमी त्या दिशी उठला आसता तर त्याला तुमचं नाव तिथं लिवता आलं नसतं."

सूप परत आणलं व्हतं तिनं. उंबऱ्यावर ठेवलं आन गेली. त्यावर ना ती भांडली, ना माझ्या हातचं पाणी प्याली.

आता ती दोघं मांजरसुंब्याला ऱ्हात्यात. राधाकिशन तिथं पंक्चर काढतो आन हिनं शेजारी फारम भरायची टपरी टाकलीय. लोक सांगत्यात, ही बाई एका फारमाला लई टाइम लावती. लिवलेलं नाव एकेक अक्षर करून मोठ्यानं म्हणती आन समोरच्यानं हो म्हणल्याबिगर पुढं जात न्हाई. गिऱ्हाईक वैतागतं, शेजारच्या टपरीला जातं. एकदा जीपमधून उतरून मी तिथं गेले व्हते. मला बघून उठली, बसायला खुर्ची दिली, आत्याबाई म्हणली. चहाबी मागवला. भाकरीचं विचारावं वाटलं, न्हाई विचारलं.

आमची कालवड जगली. तू तिचंच दूध पिऊन मोठी झालीस.

भिवराबाईला बुकातलं अनुमोदकाचं मीच सांगितलं, लई दिसांनी. वडवणीच्या बाजारात ती कांद्याच्या ढिगापाशी बसली व्हती, मजुरीनं निवडायला. मी तिच्यासमोर बसले आन सगळं सांगितलं, कालवडीसकट. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं. ती कांदे निवडत ऱ्हायली, नासके एकीकडं, चांगले एकीकडं. जलमभर मला मुक्ताबाई म्हणायची ती. त्या दिशी म्हणली, "मुक्ते, त्या मांडवात मला सगळं गाव नको व्हतं. एकच पायजे व्हती."

मग म्हणली, "ऊठ आता, गिऱ्हाईकाच्या वाटंत बसलीस."

मी उठले. एवढं लिवलंस ना? तुझ्या बापाला वाचून दाव.